जळालेल्या तुकड्यातली मंजिरी

गडहिंग्लजच्या लोकमित्र वाचनालयात शनिवारी सिनेमा दाखवतात, असं आज कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, हो, तो नवा महोत्सव ना! सुमित्राबाई मगदूमांच्या लेखी मात्र त्यात नवं काहीच नव्हतं. गावात रंगीत टीव्ही असलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी होती, तेव्हापासून वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये शनिवारी दोन खांबांना पांढरं धोतर ताणून बांधलेलं असायचं. पोरं पोत्यांवर बसायची आणि मागे प्रोजेक्टर शिवणयंत्रासारखा कुरकुरायचा.

प्रोजेक्टर चालवायचे त्यांचे यजमान, बसगोंडा मगदूम. हायस्कुलात ते विज्ञान शिकवत आणि गाव त्यांना अण्णा म्हणे. वाचनालयाला कुणा डॉक्टरांनी परदेशाहून आणून दिलेला छोटा कॅमेराही अण्णांच्याच हातात असायचा. त्या कॅमेऱ्यानं त्यांनी एकदा बालविभागाची सामानगडची सहल टिपली. ते रीळ काळंपांढरं आणि मुकं होतं. म्हणून बालविभाग सांभाळणाऱ्या सुमित्राबाई पडद्याशेजारी उभ्या राहून ते सांगत. "हा बघा गडाचा दरवाजा. हा ढोबळ्यांचा सुन्या, डबा उघडायच्या आधीच ह्याचं तोंड चालू!" पोरं खिदळायची. मग थोडा वेळ त्यांची स्वतःची लेक मंजिरी पडद्यावर यायची. एकटी, समोरून, जवळून. बाकी रिळात ती होती ती पाठमोरी.

सहलीनंतरच्या श्रावणात मेंदूज्वरानं मंजिरी गेली. सात वर्षांची होती.

वाचनालयाच्या पुढच्या वर्धापनदिनाला तेच रीळ लावलं. मंजिरी पडद्यावर आली आणि सुमित्राबाई बोलता बोलता थांबल्या. म्हणाल्या, "थांबवा हो. तिथंच थांबवा." अण्णा विज्ञानाचे मास्तर. फिल्म पळत असते तोवरच दिव्याची धग तिला सोसते, थांबली की जळते, हे ते सगळ्यांना सांगत असत. तरी त्यांनी थांबवलं. क्षणभर मंजिरी पडद्यावर स्थिर झाली. मग तिच्या गालावर तपकिरी डाग उठला, तो फुगला, पसरला, आणि हॉलभर जळकट वास सुटला.

जळालेला तुकडा कापून अण्णांनी रीळ जोडलं. त्या जोडापाशी आलं की सुमित्राबाई तोंडानं सांगू लागल्या, "इथं आमची मंजिरी आहे. दोन वेण्या, तांबड्या रिबिनी, ओंजळीत बोरं. खळाळून हसतेय बघा." दर वर्धापनदिनाला हे ठरलेलं. गावात अशी पिढीच्या पिढी वाढली, जिनं मंजिरीला कधी पाहिलं नव्हतं, पण जिला मंजिरी पाठ होती. दोन हजार एकोणीसच्या पुरात हिरण्यकेशीचं पाणी माळ्यापर्यंत चढलं, त्यात, ती गेल्यापासून कुणी न उघडलेल्या पेटीतले तिचे फोटोही गेले. तेव्हापासून मंजिरी फक्त सुमित्राबाईंच्या सांगण्यात उरली.

अण्णांनी मात्र लेकीचं नाव पुन्हा काढलं नाही. बाई तिच्याबद्दल बोलू लागल्या की ते उठून परसात जायचे आणि केळीच्या बुंध्याशी उकरत बसायचे. "दगड आहात नुसते," असं त्या त्यांना किती वेळा बोलल्या असतील! आता तर अण्णांना खरंच विसर पडू लागला होता. सकाळी ते बरे असत. दुपारनंतर जेवलो की नाही, हेसुद्धा त्यांना आठवत नसे.

महोत्सव सुरू केला तो रेवतीनं, सुमित्राबाईंच्या धाकट्या बहिणीच्या लेकीनं. मंजिरी गेल्यावर, संकेश्वरची ही पोर शाळेसाठी मावशीकडे राहायला आली. मंजिरीचे फ्रॉक घालून, मंजिरीच्या पाटावर बसून ती वाढली आणि पुढे त्याच वाचनालयाची ग्रंथपाल झाली. आता तिचे केस पांढरे होऊ लागले होते, पण मावशीपुढे आवाज अजून पहिलीतल्या मुलीचाच.

"मावशी, तो जळलेला तुकडा परत आणता येईल," ती एक दिवस म्हणाली.

सुमित्राबाई जागच्या उठल्या. आनंदानं की भीतीनं, ते त्यांना तेव्हा कळलं नाही.

*

रविवारच्या कार्यशाळेला निम्मं गाव लोटलं होतं. लांब टेबलावर जुनी रिळं, मऊ फडकी आणि फिल्म जोडायची छोटी यंत्रं मांडलेली. एका कोपऱ्यात विद्यापीठातून आलेली टोप्यांची पेटी होती. टोपी म्हणजे मऊ जाळी. ती डोक्याच्या मागच्या बाजूला चपखल बसायची आणि हनुवटीखाली तिचा बंद लागायचा. गावानं पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेवलं, टोपडं.

शेजारच्या गोदाक्कांनी ते चढवलं आणि सगळ्यांकडे वळून विचारलं, "बारशाला बसवलंय जणू. घुगऱ्या कुठायत?"

रेवतीनं त्यांना आधी पडद्यावर चित्रं दाखवली. हत्ती, तांब्या, देऊळ, बैलगाडी. "आपण काही पाहतो तेव्हा डोक्याच्या मागच्या भागात विजेच्या बारीक लहरी उठतात," ती सांगत होती. "आणि तेच नुसतं आठवलं तरी जवळजवळ तशाच लहरी उठतात, थोड्या मंद. हत्ती पाहताना तुमच्या लहरी कशा असतात, ते यंत्र आधी शिकून घेतं. मग तुम्ही डोळे मिटून हत्ती आठवलात की लहरींवरून तो काढून दाखवतं. आता मिटा डोळे, आक्का. तुमची शेळी आठवा."

पडद्यावर धुकं हललं. त्यातून काहीतरी लांबट आलं, दाढी आली आणि वर भरघोस मिशाही आल्या.

"अगं बया, हे तर आमचं मालक!" गोदाक्का ओरडल्या. हॉल हसून हसून लोटपोट झाला. "मेल्यावर पण मधे मधे येत्यात!"

सुमित्राबाईही हसल्या. पण हसू विरायच्या आधीच त्यांनी विचारलं, "शेळीच्या जागी हे आले, म्हणजे यंत्र चुकलं की आक्का?"

"दोघंही नाही, मावशी. आठवण तशीच असते." रेवतीनं टेबलाखालून गुळाची छोटी ढेप काढली. हा भाग तिनं मुद्दाम योजला होता. "आपल्याला वाटतं, आठवण म्हणजे कपाटातलं पुस्तक. काढलं, वाचलं, परत ठेवलं. तसं नसतं. ती ह्या गुळासारखी असते. आठवायची म्हणजे परत काहिलीत घालून तापवायची. तापली की मऊ होते, आणि काही तासांनी निवून पुन्हा घट्ट बसते. मधल्या वेळात तिच्यात जे मिसळेल, ज्या साच्यात ती ओतली जाईल, तशी ती होते. मेंदूला मागची ढेप राहत नाही. नवीनच खरी वाटते."

लोकांनी गूळ वितळवून पाहिला. कुणी वाटीत ओतला, कुणी पोह्याच्या चमच्यात. पोरांनी तो चाटून संपवला.

"आणि साचा चुकीचा असला तर?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"म्हणून तर सगळ्यांना एकत्र बसवायचं. सगळ्यांच्या आठवणी एकावर एक ठेवल्या की चुका गळून जातात आणि सारखं असेल ते उरतं."

हे ऐकायला बरं वाटलं. तरी घरी जाताना सुमित्राबाईंचं मन थाऱ्यावर नव्हतं. काहिलीला प्रत्येक वेळी थोडा गूळ चिकटून राहतो, हे त्यांना माहीत होतं. माहेरी गुऱ्हाळ होतं त्यांच्या.

*

शनिवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांनी टोपडी चढवली होती. सुमित्राबाईंनी नाही. त्यांना सांगायचं होतं. अण्णांनीही नाही, रेवती बंद लावायला वाकली तशी त्यांनी टोपडं तिच्या हातात परत दिलं. "थंडी न्हाई मला," ते म्हणाले.

रीळ सुरू झालं. दरवाजा आला, सुन्या ढोबळे आला. तो आता नातवाला मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसला होता. स्वतःला बघून त्यानं तोंड मिटून घेतलं. मग जोड आला, रेवतीनं प्रोजेक्टर विझवून यंत्र लावलं आणि पडदा पांढरा झाला. ठरल्याप्रमाणे सुमित्राबाई गप्प राहिल्या. सगळा हॉल मंजिरीला आठवत होता.

पांढऱ्यात सावली हलली. दोन वेण्या आल्या. रिबिनी तांबड्या झाल्या. ओंजळ आली, ओंजळीत बोरं आली. आणि चेहरा आला. गोल, गोड, हसरा. ती मुलगी खळाळून हसली आणि हॉलमधून एक हुंदका उठला. बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या. "हुबेहूब! अगदी हुबेहूब गं बाई!"

सुमित्राबाई खांब धरून उभ्या होत्या. त्यांना ती मुलगी परकी वाटली. नीट पाहिलं तर चेहरा हलत होता. कधी डोळे गोदाक्कांच्या थोरलीसारखे, कधी जिवणी सुन्याच्या नातीसारखी. ह्यातल्या बहुतेकांनी मंजिरीला पाहिलं नव्हतं, आणि पाहिलेल्यांनाही आता फक्त ऐकलेलीच आठवत होती. आणि ऐकताना प्रत्येकानं तिथं आपापली पोर बसवली होती. गावभरच्या लेकींचं मिळून एक मूल पडद्यावर हसत होतं.

"ही कोण?" अण्णांनी मोठ्यानं विचारलं.

"श्श! अण्णा, तुमची लेक हो!" गोदाक्का मागून म्हणाल्या.

"न्हवं."

"त्यांना आठवत नाही आता," कुणीतरी हळूच म्हणालं. सगळ्यांनी माना हलवल्या आणि पुन्हा पडद्याकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमित्राबाईंनी चूळ भरता भरता डोळे मिटले आणि रोजच्यासारखं मंजिरीला समोर आणलं. पडद्यावरची मुलगी आली. त्यांनी डोळे उघडले, पुन्हा मिटले. पुन्हा तीच. त्यांनी तोंडावर पाणी मारलं. मग तिसऱ्यांदा त्यांची मंजिरी आली, पण चोरपावलांनी, कडेकडेनं.

तशाच त्या वाचनालयात गेल्या. "ते रीळ दाखवू नकोस परत."

"पुढचे शनिवार जाहीर झालेत, मावशी. आजऱ्याहून, चंदगडहून लोक यायचेत."

"लोक काय, तमाशा दाखवलास तरी येतील! माझी पोर पुसली जातेय, रेवा. मला एकटीला ती नीट ठाऊक आहे, आणि ते हजार जण मिळून तिच्यावर बोळा फिरवताहेत."

रेवतीनं पेनाला टोपण लावून ते बाजूला ठेवलं. "मग तूच दे," ती म्हणाली. "बाकी कुणी नाही. फक्त तुझं टोपडं. तुझ्यातली मंजिरी एकदा निघाली की तीच रिळात घालू. मग कुणी काही पुसायचं नाही."

*

सोमवारी वाचनालय बंद असतं. हॉलमध्ये त्या दोघी, आणि बाहेर वाचनकक्षात अण्णा वर्तमानपत्र धरून बसलेले. त्यांना घरी एकटं ठेवायची सोय उरली नव्हती.

हत्ती, तांब्या, देऊळ झालं. मग पडदा पांढरा झाला. "आठव," रेवती म्हणाली.

आठवायचं कसलं! ती तर सदाचीच समोर होती. सुमित्राबाईंनी श्वास रोखला. धुक्यातून कपाळ आलं, मग भुवया, मग डोळे. कुठंही हलत नव्हता तो चेहरा. स्वच्छ, जिवंत, अगदी ओळखीचा. हसली तेव्हा गालाचा उंचवटासुद्धा बरोबर.

"हीच!" सुमित्राबाई ओरडल्या. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "हीच गं माझी बाय! रेवा, बघितलंस? बघ, हिला म्हणतात मंजिरी!"

 रेवती पडद्याजवळ गेली होती आणि तिचा एक हात स्वतःच्या तोंडावर होता.

आवाज ऐकून अण्णा दारात आले. वर्तमानपत्र त्यांच्या हातात तसंच होतं. पडद्याकडे पाहून ते प्रसन्न हसले.

"रेवा," ते म्हणाले. "संकेश्वरची."

"अहो, काय बोलताय? मंजिरी आहे ती!"

"दात बघ की."

मुलीच्या वरच्या पुढच्या दाताचा कोपरा तिरका तुटलेला होता. सुमित्राबाईंना तो नेहमी तसाच आठवत आला होता.

"झोक्यावरनं पडले होते मी," रेवती हलक्या आवाजात म्हणाली. "संकेश्वरला. तुझ्याकडे यायच्या आधी." तिनं फोन उघडला, शोधलं आणि मावशीपुढे धरला. तिच्या बाबांनी काढलेला फोटो होता. बालवाडीचा गणवेश, दोन वेण्या, तिरका दात. पडद्यावरची मुलगी आणि फोटोतली मुलगी एकच होती.

सुमित्राबाईंनी फोटो पाहिला, पडदा पाहिला, मग समोर उभी असलेली रेवती पाहिली. मंजिरीचे फ्रॉक हिच्या अंगावर, मंजिरीच्या रिबिनी हिच्या केसात, आणि दर वर्धापनदिनी हीच पहिल्या रांगेत बसलेली. पडद्याशेजारून सांगताना डोळ्यांपुढे हिचाच चेहरा असायचा.

"म्हणजे मंजिरी कुठाय?" त्यांनी विचारलं.

 रेवतीनं मावशीचं टोपडं काढलं आणि त्यांच्या पायाशी बसली. लहानपणी कधीच केलं नव्हतं तसं तिनं त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. "मला सगळा जन्म वाटायचं, तू माझ्याकडे बघतेस आणि तुला तीच दिसते," ती म्हणाली. "आणि इथं बघ काय निघालं."

सुमित्राबाईंचा हात तिच्या केसांवर गेला आणि तिथंच थांबला. तो कुणाच्या केसांवर आहे, ह्याची त्यांना खात्री वाटेना.

*

"तू तिला सगळ्यात जास्त वेळा आठवलंस, मावशी," रेवतीनं दुसऱ्या दिवशी समजावलं. त्या मगदूमांच्या परसात बसल्या होत्या. अण्णा केळींना पाणी घालत होते. "गूळ तूच सगळ्यात जास्त तापवलास. आणि काकांनी कधीच नाही. ते बोलले नाहीत, आठवू दिलं नाही स्वतःला. सगळ्यांत कमी हात लागलेली आठवण असेल तर ती त्यांच्याकडे असेल. म्हणून शनिवारी एकट्या त्यांनाच कळलं."

सुमित्राबाई नवऱ्याच्या पाठीकडे पाहत राहिल्या. एवढी वर्षं ज्या गोष्टीसाठी त्यांनी त्या माणसाला दगड म्हटलं, तो दगडच तिला सांभाळून बसला होता.

"मग त्यांना टोपडं घाल," त्या एकदम म्हणाल्या.

"नाही."

"का?"

"कारण तापवलेली आठवण परत घट्ट बसायला मेंदू धड लागतो. त्यांचा मेंदू ते काम आता नीट करत नाही. एकदा बाहेर काढली तर परत बसेल ह्याची खात्री नाही. आपल्याला चित्र मिळेल, पण त्यांच्याकडून ती कदाचित जाईल. मी हे करणार नाही, मावशी. माझे काका आहेत ते."

"आणि असंच ठेवलं तर?"

"तर तिचा चेहरा त्यांच्याबरोबर जाईल. पण असेपर्यंत त्यांच्याजवळ राहील."

सुमित्राबाई उठल्या, आत गेल्या, पुन्हा बाहेर आल्या. हातात लसूण होता, तो सोलायचं भान नव्हतं. त्यांना आता नवऱ्याला विचारायचीसुद्धा चोरी होती. मंजिरीचं नाक कसं होतं हो, एवढं विचारलं तरी ते आठवणार, आणि आठवलं की सांडणार. घरात पाण्यानं काठोकाठ भरलेलं भांडं ठेवावं आणि आपणच त्याच्याभोवती वावरावं, तसं त्यांना झालं.

केळीच्या आडून अण्णांचा आवाज आला. "मी बहिरा न्हाई."

दोघी दचकल्या. अण्णांनी बादली खाली ठेवली आणि ते पायरीवर येऊन बसले. सकाळची वेळ होती, नजर स्वच्छ होती.

"तुम्ही बोलू नका त्यावर," सुमित्राबाई घाईनं म्हणाल्या. "अंबाडीची भाजी करू का आज?"

"कर. पर ऐक. तू तिचं बोलायला लागलीस की मी उठून यायचो हितं. तुला राग यायचा."

"यायचा."

"तुझ्या तोंडची मंजी दर साली बदलायची गं. एकदा रिबिनी हिरव्या, मग तांबड्या. आधी नुसती उभी हुती, मग हसाय लागली, मग खळाळून. मला कळायचं. मला वाटायचं, ऐकत बसलो तर माझीबी बदलंल. म्हणून यायचो."

त्यांनी हे आधी कधी सांगितलं नव्हतं. सुमित्राबाईंनी लसणाचा गड्डा दोन्ही हातांत घट्ट धरला.

"मग राहू दे की ती तशीच," त्या कशाबशा म्हणाल्या. "मी नाही मागत."

"तशी ऱ्हाईना झालीया." अण्णांनी कपाळ चोळलं. "त्या शनिवारपास्नं ती दुसरी पोरगी मधे येती. बोरंवाली. सकाळी मंजी असती, जेवून उठलो की ती. आता दोन-चार दिसांत मंजीबी जाईल. त्यापेक्षा तू बघ. घाल गं रेवा ते टोपडं, आजच घाल. उद्या मी न्हाई म्हणंन, आणि का न्हाई म्हणतोय ते मलाच कळायचं न्हाई."

रेवती रडत रडत "नाही" म्हणाली. अण्णा तिच्याकडे नुसतं बघत राहिले. हायस्कुलात उत्तर चुकलं की पोराकडे बघायचे तसे. शेवटी तीच उठली आणि तोंड धुऊन आली.

वाचनालयाच्या वाटेवर सुमित्राबाईंनी तिचा दंड धरला आणि तिला मागे ओढलं. अण्णा पुढे गेले होते.

"रेवा," त्या कुजबुजल्या, "आणि मी तिला ओळखलंच नाही तर?"

रेवतीनं मान वळवून पाहिलं. तिनं मावशीचा हात हातात घेतला आणि चालू लागली.

*

अण्णा खुर्चीत ताठ बसले. टोपड्याचा बंद रेवतीनं सैल ठेवला, त्यांची मान नाजूक झाली होती. हत्तीला ते "हत्ती" म्हणाले, तांब्याला "तांब्या". बैलगाडीपाशी अडखळले आणि शरमेनं हसले.

पडदा पांढरा झाला.

"काका, मंजिरी," रेवती म्हणाली.

अण्णांनी डोळे मिटले. सुमित्राबाई शेजारच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांचे डोळेही मिटलेले होते, आणि ते उघडायची हिंमत होत नव्हती. यंत्राची बारीक घरघर तेवढी ऐकू येत होती. मग अण्णांच्या घशातून एक आवाज आला, खूप दिवसांनी दारात कुणाला बघितल्यासारखा. "आली," ते म्हणाले.

सुमित्राबाईंनी डोळे उघडले.

पडद्यावर एक सावळी, रोड मुलगी उभी होती. कपाळ रुंद. एक रिबीन बांधलेली, दुसरी सुटून खांद्यावर लोंबणारी, आणि दोन्ही पिवळ्या. ओंजळ नव्हती, बोरं नव्हती. हातात अंगठा तुटलेली चप्पल होती. ती हसत नव्हती. ऊन तोंडावर होतं म्हणून तिनं डोळे बारीक केले होते, आणि कॅमेरा धरणाऱ्या बापाकडे ती वैतागून बघत होती. आता पुरे करा की, असं.

सुमित्राबाईंनी तो चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत शोधला. काहीतरी सापडेल, एखादा कोपरा, एखादी रेघ, जी आतून हाक देईल. त्यांनी परत वरून सुरुवात केली. आत काहीच हललं नाही. त्या मुलीला त्यांनी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

चित्र पूर्ण झालं आणि घरघर थांबली. रेवतीनं अण्णांचं टोपडं काढलं. अण्णांनी डोळे उघडून पडद्याकडे पाहिलं, कौतुकानं पाहिलं, मान वाकडी करून पाहिलं.

"गोड हाय," ते म्हणाले. "कुणाची पोर?"

रेवती पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

सुमित्राबाईंनी नवऱ्याचा हात आपल्या मांडीवर घेतला. तो गार पडला होता. त्या पडद्यावरच्या परक्या मुलीकडे पाहत राहिल्या.

"आपली," त्या म्हणाल्या. "ही आपली मंजिरी."

"व्हय?" अण्णांनी पुन्हा पाहिलं. "रुसलीया जणू."

"रुसली नाही हो. ऊन लागतंय तिला. आणि चप्पल तुटलीय, पायाला चटके बसत असतील."

"मग उचलून घ्यायचं की कुणीतरी."

"घेतलं असेल तुम्ही," सुमित्राबाई म्हणाल्या.